जावा सतरा पळवतंय कोण?

"अर्ध्या तासात करते, अजीजभाई! वीस मशीन माझ्या हाताखालून गेल्यात!"

लुबनाने ऑफिसच्या मालकांना हे ठणकावून सांगितलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. चार वाजता त्यांच्या नांदेडच्या ऑफिसात भोकरचे हळद व्यापारी येणार होते. पोत्यांना टोकन देणारा त्यांचा प्रोग्रॅम लुबनाच्या लॅपटॉपवर जावा या संगणकभाषेच्या नव्या आवृत्तीवर, म्हणजे जावा सतरावर, चालवून दाखवायचा होता. जमलं तर पुढचं काम यांचं. नाही तर व्यापारी दुसरं दार बघणार!

तिने सतरा बसवलं, टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, त्याचा पत्ता दिला, बिल्ड लावलं. मेवन नावाच्या बिल्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रोग्रॅमचे सगळे भाग गोळा करून मुकाट जोडून दिले. लुबना ऐटीत टर्मिनल बंद करून चहाला गेली.

परत येऊन नवं टर्मिनल उघडलं, तर लाल अक्षरांचा सडा! जुनं जावा आठ! सतरा गायब!

खोलीत दुसरं होतं कोण? देवणीचा सोमेश. दोन महिन्यांपूर्वी लागलेला, तोंडातून शब्द न काढणारा. एवढा शांत माणूस सरळ असतो होय?

"सोमेश, माझ्या लॅपटॉपला हात लावला काय?"

"न्हाई, मॅडम."

'न्हाई' किती पटकन म्हणाला! तिचा संशय पक्का झाला. तिने पुन्हा पत्ता दिला, बिल्ड झालं. पासवर्ड बदलून जेवायला गेली. आली, तर पुन्हा आठ! म्हणजे याने पासवर्डही बघितला! तिसऱ्यांदा ती लॅपटॉप बाळासारखा काखेत मारून चहाच्या टपरीवर गेली. टपरीवाला बघतच राहिला. परत येऊन टर्मिनल उघडते तर काय... आठ!

आता मात्र तिच्या अंगावर काटा आला. हात न लावता करतोय! वायफायमधून घुसतोय!

"अजीजभाई, घरभेदी हाय ऑफिसात! याला माझी जागा पाहिजे!"

सोमेशचे कान लाल झाले. "मॅडम, मला तुमची जागा कशाला? पंख्याखाली येत न्हाई ती." मग जरा थांबून म्हणाला, "पत्ता दर वेळी नव्या टर्मिनललाच बदलून राहिलाय ना? मग टर्मिनल उघडताना जी फाईल आपोआप चालते, ती बघू द्या."

"बघ! पण मी इथंच उभी हाय!"

पावणेचार वाजले होते. खाली जीप थांबल्याचा आवाज आला. सोमेशने फाईल उघडली. त्यात एक ओळ होती: दर वेळी जावा आठच वापर. वर तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि एक सूचना. अजीजभाई चष्मा पुढे करून मोठ्याने वाचू लागले, नेमके त्याच वेळी व्यापारी दारात येऊन उभे राहिले.

"'ही ओळ कुणी खोडली तर माझ्याशी गाठ आहे. हुकुमावरून, लुबना.'"

व्यापारी एकमेकांकडे बघू लागले. सोमेशने कीबोर्डवरचं बोट अलगद मागे घेतलं.

"मॅडम, तुम्हीच खोडा. मला लई भ्या वाटून राहिलंय!"