गोलकीपरचे वडील

"त्याच्या आईकडे कोण बघतं हो?" सामना सुरू होतोय न होतोय तोच सासूबाईंनी विचारलं.

"कोणाच्या?" मास्तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

"तो नऊ नंबरवाला. उन्हातान्हात एवढा धावतोय."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. चूक त्यांचीच होती. लोकांना मोटार चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचा लाडका लाल संघ, ते कॉलेजात असल्यापासून आज प्रथमच अंतिम सामना खेळत होता. घरात टीव्ही एकच, आणि फुटबॉलचं नाव काढलं की बायकोला नि सासूबाईंना जांभया. म्हणून काल त्यांनी दोघींना फुटबॉलवरचा सिनेमा दाखवून आणला. दोघी घरी येईपर्यंत रडत होत्या. गोडी लागली म्हणून मास्तर खूश झाले. गोडी लागली होती, पण फुटबॉलची नव्हे.

"यात कोणाला काही दुःखच नाही का?" बायको वैतागली. "काल कसं, एकेकाचं घरदार दाखवलं. इथे नुसतेच पळतायत मेले. बदलते मी." तिनं रिमोट उचलला.

मास्तर घाईघाईनं म्हणाले, "थांब! आहे ना दुःख! तो निळ्यांचा गोलकीपर बघ. त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत."

पडद्यावर तेव्हा तोच दिसत होता, एवढंच. पण रिमोट खाली गेला.

"का हो?" दोघी एकदम म्हणाल्या.

"चपलांचं दुकान आहे त्यांचं. हा गल्ल्यावर बसला नाही."

"अगं बाई! आणि आई?"

"चोरून फोन करते."

आता सुटका नव्हती. खेळ जरा संथ झाला की बायकोचा हात रिमोटकडे जाई आणि मास्तरांना आणखी काहीतरी रचावं लागे. वडिलांना त्यांनी अंथरुणाला खिळवलं, बहिणीचं लग्न लांबवलं. एकीकडे निळे चेंडू घेऊन आले की मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक दाबायची ती जुनी खोड. मध्यंतरात सासूबाईंनी शेजारच्या काकूंना बोलावून सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकवली. त्यात मास्तरांनी न रचलेले दोन प्रसंगही होते.

लाल संघानं गोल केला. मास्तर ओरडत उठले.

"लाज नाही वाटत?" काकू कडाडल्या. "तिकडे म्हातारा अंथरुणावर पडलाय!"

"तो माझा कोण लागतो?"

"माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" बायको म्हणाली. मास्तर चरफडत खाली बसले.

पुढे निळ्यांनी दोन गोल केले. घरात टाळ्या पडल्या. अगदी शेवटी लाल संघाला पेनल्टी मिळाली. हा गोल झाला तर बरोबरी. नऊ नंबरवाला चेंडूकडे धावत निघाला. समोर गोलकीपर एकटा. सासूबाईंनी डोळे मिटले.

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला गेला.

चेंडू गोलकीपरच्या हातावर आदळून बाहेर गेला. लाल संघ हरला. तिघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मास्तर खुर्चीत बसून आपल्या पायाकडे बघत राहिले.

"आता तरी वडील बोलतील ना हो त्याच्याशी?" बायकोनं डोळे पुसत विचारलं.

"न बोलून सांगतील कोणाला?" मास्तर भडकले. त्यांचा आवाज मात्र भरून आला होता. "म्हातारा समजतो कोण स्वतःला!"