शून्य न दाखवणारा कंप्यूटर

"माणूस चुकेल, 'कोठार' चुकणार नाही!" असं छातीठोक सांगत १९९३ साली मी बेंगळूरचा निम्मा बाजार पालथा घातला होता. 'कोठार' म्हणजे दुकानात किती माल शिल्लक आहे ते दाखवणारा, मी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. कंपनी चामराजपेटेत, आमच्याच माडीवर. इंजिनियर मी, विक्रेता मी, झाडूवालाही मीच. चेअरमन मात्र आमची बायको अंबुबाई. कारण खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर बसून ती भाजी निवडायची!

पहिलं गिऱ्हाईक तांदळाचे व्यापारी गुंडूराव. आठव्याच दिवशी त्यांचा फोन आला. "पेटी उचला तुमची! आत्ताच्या आत्ता!"

धावत गेलो. स्क्रीनवर आकडा होता : शिल्लक शून्य.

"बरोबरच आहे, गुंडूअण्णा. सगळा तांदूळ विकलात ना?"

"विकला! पण आमच्या कोठारात शून्य? आजोबांपासून कुणी तोंडानं म्हटलेलं नाही! ते कोपऱ्यातलं पोतं बघा. लक्ष्मीचं. विकत नाही, मोजत नाही. कोठार कधी रिकामं होत नाही!"

गिऱ्हाईक हातचं जात होतं. मी तिथंच बसून दोन ओळी घातल्या : माल संपला, की स्क्रीनवर एक उरेल.

"आता सरी! आता बरोबर!" गुंडूराव खुलले. त्यांनी गावभर सांगितलं, 'या कंप्यूटरात लक्ष्मी आहे!' चार महिन्यांत चौदा दुकानांनी आवृत्ती दोन घेतली. वेलचीवाले, पितळी भांडीवाले, आणि स्कूटरवाले मानसिंगसुद्धा. माणसाला खरा हिशेब नको असतो, गोड हिशेब हवा असतो!

कमाई साठली. दसऱ्याच्या सकाळी मी मानसिंगांकडूनच रोख मोजून स्कूटर घेतली, घरी पूजा केली, आणि ऐटीत पेढे द्यायला पुन्हा दुकानी गेलो.

तिथं ही गर्दी! निवृत्त सुभेदार हंबीरराव जावयाला घेऊन आलेले. हार, लिंबं, नारळ, वाजंत्री, आणि मिशांना पीळ.

"मुहूर्ताला अकरा मिनिटं उरली!" हंबीरराव गरजले. "गाडी कुठाय?"

मानसिंगांच्या कपाळावर घाम. "पैसे घेताना स्क्रीनवर एक होती हो! आत गोदामात एकही गाडी नाही!" मग ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमचं 'कोठार' कधी चुकत नाही ना?"

"नाही... म्हणजे... शेवटची गाडी सकाळी कोणी नेली?"

"तुम्हीच!"

सगळ्यांच्या नजरा दारात उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरकडे गेल्या. नवी कोरी, नंबरही न आलेली.

"स्वस्तिकसुद्धा काढून आणलंय!" हंबीरराव खूष झाले. वाजंत्री वाजली. माझ्या हातात माझेच पैसे परत आले. नवी गाडी पुढच्या वर्षी!

घरी चालत आलो. दारातच अंबुबाई. "अहो, आपली स्कूटर?"

मी कंप्यूटरवर 'कोठार' लावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"आहे की!" मी म्हणालो. "एक शिल्लक!"