शालिकभाऊंची लिव्हरवाली बंदूक

आमच्या केशोरीत मोपेडवर हेल्मेट घालणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. पण काऊबॉयची टोपी घालून मोपेडवरून धानाला पाणी सोडायला जाणारा एक माणूस आहे. शालिकभाऊ. टोपी बांबूची. गावातल्या बुरडाला मोबाइलवर फोटो दाखवून त्यांनी ती विणून घेतली, वरून तपकिरी ऑइलपेंट मारला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून हनुवटीखाली बैलाच्या मोरकीची दोरी बांधली. बुरडानं पहिल्यांदा विणलेली टोपी टोपलीच्या वळणावर गेली होती. ती भाऊंनी परत केली नाही. तिच्यात आता त्यांची कोंबडी अंड्यांवर बसते.

भाऊ माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. मी शाळेत शिकवतो म्हणून मला मास्तर म्हणतात. भाऊंचं वय साठीच्या पुढं, अंगानं धिप्पाड, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर शेती. त्यांच्या वाडवडिलांनी या भागात तलाव बांधले. त्या घराण्यात एखाद्या गोष्टीच्या मागं लागायचं म्हणजे पाणी अडेपर्यंत लागायचं. भाऊ बंदुकीच्या मागं लागले.

झालं असं, की त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना, लकव्याचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यात जमा. त्यांच्या दुखण्यामुळं भाऊ कित्येक महिने घराबाहेर पडले नाहीत. खाटेशेजारी बसून मोबाइल बघायचे. तिथं त्यांना अमेरिकेतले म्हातारे भेटले. टोप्या घातलेले, कमरेला पट्टे बांधलेले, या खांबापासून त्या खांबापर्यंत दुडूदुडू पळणारे आणि हातातली जुन्या धाटणीची, खालून लिव्हर ओढायची बंदूक खटॅक-खटॅक करत लोखंडी पत्रे वाजवणारे. त्यांच्यात एक आजीबाईही होत्या.

एका सकाळी भाऊ भिंतीवरून वाकले.

"मास्तर, काऊबॉय मंजे का?"

"गुराखी."

"मंजे आपला गायकी!"

आमच्याकडं गुरं चारणाऱ्याला गायकी म्हणतात. भाऊंच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"आता सांगा. आपला गायकी उनापान्यात, वाघाच्या तोंडाशी ढोरं चारते. त्याले कोनी एक टोपी तरी देली काय? आन तिकडचे बुडे पाहा, कशी मजा करून राहिले! इकडे साठ झाले का मानसाले देवळाच्या पायरीवर बसवून देतेत. कायले?"

संध्याकाळपर्यंत 'केशोरी गायकी नेमबाजी मंडळ' स्थापन झालं होतं. अध्यक्ष शालिकभाऊ. सचिव मी. मला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं.

तलावाच्या पाळीला भाऊंनी मैदान तयार केलं. छर्रा वाया जाऊन कुणाला लागू नये म्हणून मागं मातीची उंच पाळ, पुढं दोरी. निशाणाला काय? भोक पडलेलं घमेलं, झिजलेला तवा, नांगराचा मोडका फाळ, ट्रॅक्टरची तबकडी. सगळं तारेनं लटकवलं. बंदूक मात्र नव्हती. पण बंदूक नाही म्हणून सराव थांबवतील ते भाऊ कसले! ते छत्री घेऊन पळायचे. एका खुंटापाशी थांबायचे, छत्री खांद्याला लावायचे, तोंडानं "खटॅक!" म्हणायचे, मग "ठो!" म्हणायचे, आणि पुढच्या खुंटाकडं धावायचे. पाळीवरून जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. भाऊ छत्री खाली करून म्हणायचे, "हासा, हासा. मंडईत या पाहाले."

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाळणे, दुकानं, रात्री नाटक. यंदाच्या मंडईत पहिली स्पर्धा घ्यायची असं भाऊंनी जाहीर करून टाकलं होतं. एवढ्या मोठ्या गावात बंदूक घेण्याआधी स्पर्धा ठरवणारा माणूस एकच.

भाऊ स्वतःच पोलीस ठाण्यातही गेले. टोपी घालूनच. आमचा भाग जंगलाचा, इथं बंदूक हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. हवालदारानं टोपीकडं पाहून विचारलं, "काका, मंडईच्या नाटकाची तालीम आहे का?" भाऊंनी समजावून सांगितलं, की छर्ऱ्याची हवेची बंदूक, परवाना लागत नाही तेवढ्याच ताकदीची, आणि मारायचं ते फक्त घमेल्याला. हवालदारानं सांगितलं, घेतली की बिल आणून दाखवा. तेव्हापासून तो हवालदार चौकात भेटला, की भाऊंवर दोन बोटं रोखायचा आणि भाऊ मोपेडवरूनच छाती धरून मेल्यासारखं करायचे.

बंदुकीबद्दल भाऊंच्या तीन अटी होत्या. "परवडली पायजे, टिकली पायजे, आन लिव्हर खालून पायजे." परवडायची म्हणजे सरकार धानावर देतं त्या बोनसात बसायची. पहिल्या दोन अटी कुणालाही पटतील. गाडी अडायची ती तिसरीवर. कुणी फोटो पाठवला, की भाऊ बोटानं तो मोठा करून बघायचे आणि म्हणायचे, "बंदूक चांगली हाय गा. पन लिव्हर बाजूले हाय." मी म्हटलं, बाजूला असली तर काय बिघडलं? भाऊ म्हणाले, "मास्तर, तुमी सचिव हाये. सचिवानं पत्र लिहावं."

शेवटी आम्ही दोघं गोंदियाला निघालो. वाटेत कोहमाऱ्याला गाडी थांबली. ढाब्यावर भाऊंच्या टोपीनं असा काही गोंधळ घातला, की ट्रकवाले एकेक करून फोटो काढायला आले. भाऊंनी प्रत्येकाला विचारलं, "खालून लिव्हरची बंदूक पाहिली काय कुठं?" एका ड्रायव्हरनं प्रामाणिकपणे सांगितलं, की त्यानं फक्त जॅक पाहिलाय.

गोंदियाचा दुकानदार बोलका होता. त्यानं आधी सगळ्यात स्वस्त बंदूक काढली. तिची नळी मधोमध मोडून छर्रा भरायचा. भाऊंनी ती उसाच्या कांडीसारखी सहज वाकवली, पुन्हा सरळ केली आणि काउंटरवर ठेवली.

"कडक हाय."

दुकानदार हसला. "चाचा, आप तो पहलवान हो। आपको क्या कडक?"

"कडक हाय," भाऊ म्हणाले.

मग त्यानं दुसरी काढली. तिच्यात आधी पंपानं हवा भरून ठेवायची, म्हणजे दर वेळी जोर लावावा लागत नाही. बारीकशी लिव्हर ओढली, की छर्रा चढला. मला ती फारच आवडली. किंमतही जमत होती. भाऊंनी तिची लिव्हर दहा वेळा मागंपुढं केली. डोळे मिटून आवाज ऐकला. मला वाटलं, झालं काम.

"हवेचं काम बेस हाय," भाऊ म्हणाले. "पन हे उजव्या बाजूले हाय. मले खालून पायजे."

"अरे चाचा, निशाना तो वही लगेगा ना!"

"खालून."

"पूरे गोंदिया में कोई ऐसा नहीं मांगता।"

"म्हनूनच त तुमच्याकडे भेटन. कोनी नेली नसन."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. पण भाऊंचं म्हणणं खरं निघालं. दुकानदारानं माळ्यावरून धूळ खाल्लेला एक खोका उतरवला. कुणी हौशी माणसानं मागवून घेतलेली, थोडी वापरून परत आणून दिलेली बंदूक. लाकडी दस्ता, त्यावर एक लांब ओरखडा, आणि घोड्याच्या खाली किटलीच्या कानासारखी वळलेली लिव्हर. हवेचीच. ओरखड्यामुळं किंमत खाली आलेली.

भाऊ स्टुलावर बसले. समोरच्या खोक्यांच्या थप्पीवर बंदुकीचं तोंड टेकवलं. उजवा हात मांडीवर ठेवून दिला. डाव्या खांद्याला दस्ता लावला आणि डाव्या हाताच्या बोटांनी लिव्हर खाली ढकलली, वर ओढली. खटॅक. पुन्हा केली. मग उजवा हात जणू नाहीच अशा बेतानं, डाव्याच हातानं छर्रा ठेवून पाहिला. तो दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा बसला. उठताना भाऊंच्या कपाळावर घाम होता.

"बांधा," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "भाऊ, तुम्ही तर उजवे. मग डाव्या हातानं कशाला तपासली?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "मास्तर, डोरा लागून राहिला. कोहमारा आला का उठवजा," म्हणाले आणि टोपी नाकावर ओढली. टक्क जागे होते.

तीन-चार दिवसांनी सकाळी मी भिंतीपलीकडून आवाज ऐकला. खटॅक. मग टण्ण. मी दातावर ब्रश तसाच धरून डोकावलो. अंगणात कुसुमवहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. समोर भाऊंनी आंब्याची दुबेळकी, बेचक्यासारखी फांदी जमिनीत रोवली होती, तिच्यात बंदुकीची नळी टेकलेली. दस्ता वहिनींच्या डाव्या खांद्याला. उजवा हात मांडीवर. भाऊ मागं उकिडवे बसून पंपानं हवा भरत होते, लोहाराच्या भात्यासारखे फुसफुसत. वहिनींनी लिव्हर ओढली, नेम धरला, आणि भिंतीला टांगलेला जुना तवा वाजला.

मी त्यांना दिसू नये म्हणून भिंतीआड खाली बसलो. ब्रश तोंडात तसाच.

कुसुमवहिनींबद्दल इथं सांगायला हवं. त्या लग्न होऊन गावात आल्या त्या वर्षी मंडईत फुगे फोडायच्या दुकानात त्यांनी एकही फुगा शिल्लक ठेवला नव्हता, असं जुनी माणसं सांगतात. दुकानदारानं हात जोडून भाऊंना विनवलं होतं, की बाईंना घेऊन जा. माहेरी त्या गोफणीनं पाखरं राखायच्या. आणि नेमासारखीच त्यांची जीभ. सकाळी सहा वाजता भाऊंचा उद्धार सुरू व्हायचा तो आमच्या घरात घड्याळासारखा ऐकू यायचा. "अवो, गोठ्याले कडी काऊन नाही लावली? अवो, बंडी घालून कुठं निघाले, बारश्याले?" लकव्यानंतर जीभ सुधारली, डॉक्टर म्हणाले बोलणं पूर्ण आलं. पण वहिनी बोलेनात. जेवण कसं झालं? "बरं हाय." फिरायला जायचं? "असू द्या." नवऱ्याशी त्या पाहुण्याशी बोलावं तशा बोलायच्या. लुगडं सुनेनं नेसवून द्यायचं, म्हणून अंगणाच्या फाटकाबाहेर त्या गेल्या नव्हत्या. मंडईला तर नाहीच.

बंदूक कुणासाठी घेतली, हे भाऊंनी मला कधीच सांगितलं नाही. मी पाहिलं हेही त्यांना सांगितलं नाही. मी फक्त सचिवाच्या नात्यानं स्पर्धेच्या नियमांत एक ओळ घातली, की ज्याला पळता येत नाही त्यानं बसून नेम धरला तरी चालेल. अध्यक्षांनी ती वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सचिव कामाचा हाय."

मंडईचा दिवस उजाडला. वहिनी येतील की नाही याची भाऊंनाही खात्री नव्हती. ते त्यांना एवढंच म्हणाले, "बंदूक एकच हाय. गर्दीत कोनी तरी तिच्याजवर बसाले पायजे." वहिनींनी दस्त्यावरचा ओरखडा डाव्या बोटानं पुसून पाहिला. मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "हिरवं लुगडं काड."

मैदानावर अर्धं गाव लोटलं होतं. दोरीपाशी हवालदार उभा. गावातले गायकी, शेतकरी, एक शिंपी, सगळे एकामागून एक आले. पळायचे, थांबायचे, खटॅक करायचे, घमेलं वाजलं की लोक ओरडायचे. शिंप्यानं पळताना धोतरात पाय अडकवून घेतला आणि पडल्या पडल्या तवा वाजवला, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. प्रत्येकासाठी हवा भरायला भाऊ. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

शेवटी मी नाव पुकारलं, "कुसुमबाई."

सुनेनं खुर्ची पुढं सरकवली, मी दुबेळकं रोवलं. वहिनींनी डाव्या हातानं पदर खोचला. पहिला छर्रा घमेल्याच्या खालून गेला. दुसरा मातीत. कुणीतरी "राहू द्या जी" असं हळूच म्हणालं. भाऊ पंपावर वाकलेले, मान वर नाही.

वहिनींनी बंदूक खाली केली. मागं वळल्या.

"अवो! हवा भरून राहिले का चूल फुंकून राहिले?"

आवाज पार पाळण्यांपर्यंत गेला असेल.

"अंगात जीव नाही काय? एवढी बंदूक आनली, टोपी घालून गावभर मिरवले, आन छर्रा पुढे जाऊन नाही राहिला! पंपाचा काटा पाहा, काटा! अर्धा बी नाही भरला! सारी जिंदगी असंच अर्धं अर्धं!"

मैदानात हशा पिकला. म्हातारी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. भाऊंनी पंप मारायला घेतला. वहिनींनी पुन्हा खांदा लावला. घमेलं वाजलं. तवा वाजला. फाळ वाजला. तबकडी चुकली. पहिला नंबर एका गायक्याचा आला, वहिनी तिसऱ्या आल्या, आणि तबकडी कुणी वाकडी टांगली यावरून त्या नवऱ्याला झाडतच होत्या. त्यातून गोठ्याच्या कडीवर आल्या, तिथून कित्येक वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा लग्नात हरवलेल्या छत्रीवर.

स्पर्धा संपली होती. लोक पाळण्यांकडं पांगत होते. भाऊ मात्र खाली मान घालून पंप मारतच होते. मी जवळ गेलो. काटा केव्हाच पुरा चढला होता. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, भरली. बस करा आता."

त्यांनी मान वर केली नाही. नाकावरून पाणी ओघळत होतं, ते सगळंच घामाचं नव्हतं.

"थांबा गा मास्तर," ते हळूच म्हणाले. "बोलू द्या तिले आनखी."