सदस्य गुन्वोर यांची कॉफी

माणसाला आग सापडली त्याला बरीच वर्षं झाली. पण सापडलेली आग स्वस्तात कशी पेटवावी आणि पेटल्यावर भांड्याच्या बुडाला काजळी कशी धरू देऊ नये, हा प्रश्न मानवजातीने तसाच लोंबकळत ठेवला होता. शेवटी स्वीडनच्या उत्तरेकडच्या नोरोसेन गावच्या गिरिभ्रमण मंडळाला त्यात लक्ष घालावं लागलं. मंडळाने नेमलेल्या समितीचं पूर्ण नाव 'सहलीच्या स्टोव्हसाठी स्वस्त व स्वच्छ द्रव इंधन शोध समिती'. (हे एका दमात म्हणता येणं ही सदस्यत्वाची अट नाही, पण आलं तर बरं पडतं.)

समितीचा अध्यक्ष तोर्ग्नी हेडलुंड. रस्ते खात्यातून निवृत्त झालेला, सरळमार्गी, हिवाळ्यात शेजाऱ्याच्या दारातलाही बर्फ काढून देणारा माणूस. एकदा काम हाती घेतलं की कितीही वर्षं लागोत, तो ते सोडत नाही. हे काम सात वर्षं चाललं होतं.

या सात वर्षांत मंडळ डोंगरावर एकदाही गेलं नाही. कारण उघड आहे. उद्या समिती ज्या इंधनाला अस्वच्छ ठरवणार, त्याच इंधनावर आज डोंगरात जाऊन सूप गरम करायचं, ते कुठल्या तोंडाने? सभेत कुणीतरी असं म्हणालं आणि कुणी विरोध केला नाही. नोरोसेनमध्ये विरोध न करणं म्हणजेच ठराव. मतदान वगैरे प्रकार भांडकुदळ गावांत चालतात. तेव्हापासून डोंगर अगदी स्वच्छ आहे. अहवालात हे समितीचं पहिलं यश म्हणून नोंदलेलं आहे.

चाचणीची पद्धत म्हणाल तर बघत राहावी अशी. सगळ्या इंधनांना सारखंच पाणी मिळावं म्हणून नळाचं पाणी चालत नसे. डोंगराच्या पायथ्याचा बर्फ शीतपेटीत भरून गाडीने आणावा लागे. (पायथ्याला जाणं म्हणजे डोंगरावर जाणं नव्हे, असा खुलासा वेळीच करून घेतला होता.) इंधन कुठे स्वस्त मिळतं हे पाहायला तोर्ग्नी दर शनिवारी चार गावं पालथी घाली. गाडीने जाळलेलं पेट्रोल 'इतर' या सदरात आहे. इतर हे सदर सध्या सगळ्यांत मोठं आहे.

मग मंडळाच्या खोलीत स्टोव्ह पेटायचा, लिटरभर पाणी खळखळा उकळायचं, तोर्ग्नी घड्याळ बघायचा, आणि ते उकळतं पाणी मोरीत ओतून दिलं जायचं. त्यात कॉफी टाकणं नियमात बसत नव्हतं. भांड्याला कॉफीचा वास लागला की पुढची चाचणी बाद. सदस्यांची कॉफी शेजारच्या खोलीत विजेच्या यंत्रावर व्हायची, दालचिनीच्या बनपावांसकट.

निष्कर्ष असे. रॉकेल स्वस्त, पण काजळी इतकी की सदस्य एकमेकांना ओळखेनात. शुद्ध केलेलं पेट्रोल स्वच्छ, पण किंमत ऐकूनच पाणी उकळावं अशी. लाल रंगाचं जाळायचं स्पिरिट स्वच्छही आणि बऱ्यापैकी स्वस्तही, फक्त ते थंडीत धड पेटत नाही, आणि नोरोसेनला थंडी नसते तेव्हा समिती सुट्टीवर असते.

चौथं इंधन अस्सारने आणलं. अस्सार हा समितीचा दुसरा सदस्य, बटाट्याचा शेतकरी, दिवसाला फार तर पाच वाक्यं बोलणारा. बटाट्याची हातभट्टी लावणं हा कायद्याने गुन्हा असल्यामुळे इतिवृत्तात या इंधनाला 'कृषिजन्य द्रव' असं म्हटलं आहे. चाचणीत ते पहिलं आलं. धूर नाही, काजळी नाही, किंमत नाही. दोष एकच, साठवणुकीतली घट. बूच घट्ट असूनही शनिवार-रविवारमध्ये बाटली अर्धी होई. घटीचा छडा लावायला उपसमिती नेमली. तिच्या बैठका इतक्या खेळीमेळीत झाल्या की अहवाल लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

आता गुन्वोरबद्दल. गुन्वोर ही तोर्ग्नीची बायको, मंडळाची सर्वांत जुनी सदस्य आणि समितीचीही सदस्य. दोघं विशीत असताना डोंगरावरच्या तळ्याकाठी तोर्ग्नीने पितळी स्टोव्हला पंप मारमारून तिला कॉफी करून दिली होती. तिच्या नाकाला काजळी लागली, ती पुसायचं निमित्त करून त्याने लग्नाचं विचारलं. (काजळीचं प्रमाण त्या वेळी कुणी मोजलं नाही.) आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, चढायचं असेल तर याच उन्हाळ्यात चढून घ्या, पुढचं मी सांगत नाही.

"तोर्ग्नी, मला त्या तळ्याकाठी एक कप कॉफी हवी आहे," ती जूनमध्ये म्हणाली. "तुझ्या हातची. बाकी काही नको."

तोर्ग्नीला भरून आलं. त्याचा तिच्यावर फार जीव होता, त्यात शंका नको. म्हणूनच त्याच्या हातात होतं ते सगळ्यांत मोठं काम त्याने केलं. तिची कॉफी विषयपत्रिकेवर घेतली. 'विषय नववा: सदस्य गुन्वोर यांची कॉफी.' विषय रीतसर सर्व सदस्यांकडे अभिप्रायासाठी गेला. जुलैत अख्खा देश सुट्टीवर असतो, त्यामुळे अभिप्रायही सुट्टीवर गेले. ऑगस्टमध्ये ते परत आले तेव्हा एकाने वाऱ्याचा मुद्दा काढला होता. तळ्याकाठी वारा असतो आणि चाचण्या तर सगळ्या बंद खोलीत झालेल्या. कुणी विरोध केला नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळ्या चाचण्या, या वेळी टेबलफॅन लावून.

ऑगस्ट सरत आला. वरच्या झुडपांची पानं लाल व्हायला लागली, आणि आणखी पंधरवड्यात तिथे बर्फ धरणार हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. एका मंगळवारी सकाळी तोर्ग्नी न्याहारी करून उठला, तर गुन्वोर दारात पाठीला पिशवी लावून उभी. तळघरातला पितळी स्टोव्ह पिशवीतून डोकावत होता.

"साडेनऊची बस आहे," ती म्हणाली. "येतोस?"

"आज कसं गं जमेल? आज तुझाच तर विषय आहे. आज होणार बघ नक्की."

गुन्वोर बुटाच्या नाड्या बांधायला वाकली. तिचा गुडघा कट्कन वाजला, तो त्याला ऐकू आला.

"फॅनची वायर इथेच राहिलीय, घेऊन जा," ती म्हणाली आणि गेली.

सगळं टाकावं आणि तिच्यामागे धावत सुटावं, असं क्षणभर त्याला फार वाटलं. पण अध्यक्षाशिवाय बैठक भरत नाही, आणि बैठक भरली नाही तर गुन्वोरच्या कॉफीचं काय? तो वायर गुंडाळून निघाला.

ती बैठक मंडळाच्या इतिहासात अजोड म्हणावी लागेल. तोर्ग्नी जीव तोडून बोलला. गुडघ्यांबद्दल बोलला, तळ्याबद्दल बोलला, मध्येच थांबून पाणी प्यायला (चाचणीचं नव्हे, नळाचं). अस्सार एक शब्दही बोलला नाही, त्याच्या बाबतीत हा जोरदार पाठिंबा होय. सायंकाळपर्यंत ठराव झाला: येत्या शनिवारी समितीने तळ्यावर जावं, पहिला कप सदस्य गुन्वोर यांना द्यावा, आणि अपवाद म्हणून कृषिजन्य द्रव हेच इंधन असावं, शिल्लक राहिल्यास. सात वर्षांत समितीने घेतलेला हा पहिलाच निर्णय. तोर्ग्नी घरी जवळजवळ पळतच आला.

गुन्वोर स्वयंपाकघरात बसली होती, पाय गरम पाण्याच्या टबात सोडून. चेहरा उन्हाने तांबूस झालेला, आणि नाकावर काजळीचा एक ठळक पट्टा. तोर्ग्नीने तो पट्टा बघितला. ठराव त्याच्या जिभेवर होता, पण सात वर्षांचा अभ्यास त्याच्याही आधी तोंडातून निघाला.

"कशावर उकळलीस?"

गुन्वोरने टॉवेल ओढून पाय पुसायला घेतले.

"दोन कप केले होते," ती म्हणाली. "दुपारची बस येऊन गेली तरी वाट पाहिली. मग एक ओतून दिला."

शनिवारी कुणीच वर गेलं नाही, कारण शनिवारी वर बर्फ पडला. गुन्वोरने समितीचाच काय, मंडळाचाही राजीनामा दिला. तो आभारांसह मंजूर झाला, कुणी विरोध केला नाही. कॉफी कशी झाली होती, हे तोर्ग्नीला विचारायचं राहूनच गेलं आणि आता विचारायचा त्याला धीर होत नाही. ते एक वाक्य तो रोज रात्री मनात जुळवतो आणि सकाळी चाचणीला जातो.

स्टोव्हमध्ये त्या दिवशी काय घातलं होतं, ते गुन्वोरने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काजळी होती म्हणजे रॉकेलच असणार, असं एव्हाना तुमच्या मनात येऊन गेलं असेल. की थंड हवेत नीट न जळलेलं पेट्रोल? तुम्हालाही तिच्याकडून हेच जाणून घ्यायचं असेल, तर संकोच करू नका. समितीत एक जागा रिकामी आहे. बैठक मंगळवारी असते. कॉफी यंत्रावरची मिळेल.