टिटवीबाईंची शाळा बघायला पाहुणे येतात

एका जंगलात, पोरांनो, झाडांपेक्षा पाट्या जास्त झाल्या होत्या. या बुंध्यावर घुबडाचा दवाखाना, त्या बुंध्यावर सुगरणीचं शिवणकाम, आणि मधे उरली जागा तर तिथं कावळ्याचा वाढदिवसाचा फलक. अशा गजबजलेल्या जंगलात पालिकेचं एक हायस्कूल होतं. चार खोल्या, एक घंटा आणि एक टिटवीबाई.

टिटवीबाई मुख्याध्यापिका. अंगानं काडी, पण आवाज असा की तीन ओढे पलीकडचं पोर दचकून पाढे म्हणायला लागायचं. तिच्या हाताखालून गेलेलं पिल्लू नुसता पावलाचा ठसा बघून सांगायचं, की वाघ कधी गेला, कुठं गेला, आणि जेवून गेला की उपाशी. जंगलात याहून मोठी विद्या कुठली?

पण पलीकडच्या टेकडीवर मोरानं नवी शाळा काढली. चार मजली. फाटक एवढं मोठं की आत शिरेपर्यंत मधली सुट्टी व्हायची. झालं. बहुतेक सगळी पोरं तिकडं पळाली.

एक दिवस हत्तीसाहेब आले. पालिकेत शाळांचा कारभार त्यांच्याकडे होता. सोंडेनं घाम पुसत म्हणाले, "बाई, उद्या सूर्य मावळेपर्यंत आठवीला दहा नावं आली तर ठीक. नाहीतर शाळेला कुलूप."

"आणि मग जागेचं काय करणार, साहेब?"

"उसाचं गुऱ्हाळ," हत्तीसाहेब म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

टिटवीबाईनं वळून फळ्याकडे बघितलं. सारा जन्म त्या फळ्यापुढं गेलेला. आता उतारवयात तिनं काय रस गाळायचा?

तिनं दवंडी पिटवली. "उद्या शाळा बघायला या हो!"

आता त्या जंगलाची एक रीत होती. सून आणायची असो, बीळ घ्यायचं असो, की पोहायला डबकं ठरवायचं असो, सगळं बघण्याच्या कार्यक्रमानं व्हायचं. पाहुणे येणार, सतरंजीवर बसणार, पोहे खाणार, खोड काढणार आणि जाणार. दुसरी तऱ्हा त्यांना ठाऊकच नव्हती.

म्हणून शाळेची शिपाईण साळूमावशी, साळिंदर होती ती, पहाटेच कामाला लागली. भिंतींना चुना दिला. दाराला तोरण बांधलं. शेजारून कपबशा मागून आणल्या. कढईभर पोहे केले, वर कोथिंबीर, वर ओलं खोबरं.

"बाई, शाळेला एक गजरा माळू का?" तिनं विचारलं.

"कुठं माळणार, मावशी?"

"कौलांवर. डाव्या बाजूला. तेवढीच चांगली दिसेल."

माळला.

दुपारी पाहुणे आले. पुढं कोल्हीणबाई, नाकात नथ. मागं बगळेकाका, पांढरेशुभ्र, एक डाग नाही. सर्वांत मागं रानडुकराची आजी, तिला धाप लागलेली. आणखी वीस-पंचवीस घरं होती, पण बोलायचं काम या तिघांकडे.

कोल्हीणबाईनं शाळेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रंगानं जरा सावळीच आहे, नाही?"

"सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे," साळूमावशी म्हणाली.

"वय काय?"

"बेचाळीस."

"अगं बाई! मग एवढ्या दिवसांत कुणी पसंत कशी नाही केली?"

टिटवीबाईनं ओठ... म्हणजे चोच दाबून धरली. दहा नावं हवी होती तिला.

"उंची कमी पडते," बगळेकाका मान लांब करून म्हणाले. "मोराकडची चार मजली आहे. पत्रिका बघू."

टिटवीबाईनं दहावीचा निकाल पुढं केला. बगळेकाकांनी तो उलटा धरला, बराच वेळ वाचला आणि म्हणाले, "मंगळ दिसतोय."

"मंगळ नाही हो काका, ती शंभरातली शंभर पोरं पास झाली आहेत."

"तेच ते. एवढं चांगलं असलं की काहीतरी दडवलेलं असतं."

रानडुकराची आजी पोह्यांची दुसरी बशी संपवून म्हणाली, "जरा चालून दाखवायला सांगा की तिला."

"आजी, शाळा आहे ती!"

"मग? लंगडी असली तर? नंतर आम्ही कुणाच्या नावानं बोंबलायचं?"

वर्गात तेव्हा नववीची चार-पाच पोरं बसली होती. एक हरणाची पोर फळ्यावर पावलं काढून सांगत होती, की हा ठसा बिबट्याचा, हा तरसाचा, आणि हा दिसला की मागं न बघता पळायचं. टिटवीबाईनं हात जोडले. "एकदा आत डोकावता का? दोन मिनिटं?"

"आत काय बघायचंय?" कोल्हीणबाई म्हणाली. "पोह्यावरून घर कळतं. मीठ जरा पुढं आहे हो तुमचं."

मग सगळे उठले. बशा खाली ठेवल्या. पंख झटकले, शेपट्या झटकल्या. बगळेकाका गोड आवाजात म्हणाले, "बरं आहे. घरी जाऊन कळवतो."

पोरांनो, घरी जाऊन कळवतो म्हणणाऱ्यानं आजवर कधी काही कळवलंय का? टिटवीबाईला ते पक्कं माहीत होतं. सूर्य हातभर खाली आला होता. वहीत एक नाव नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं गुऱ्हाळ फिरायला लागलं, आणि तिचं डोकंच फिरलं.

"थांबा!" ती ओरडली. तीन ओढे पलीकडं कुणीतरी बेचा पाढा सुरू केला. "तुम्ही काय कळवणार? मीच कळवते. मला तुमची पोरं पसंत नाहीत!"

बगळेकाकांच्या चोचीतला शेवटचा शेंगदाणा खाली पडला.

"कोल्हीणबाई, तुमचं कार्टं माझ्या घंटेला दगड मारतं. काका, तुमचं पोर एक पाय वर घेऊन उभं असतं, ऐकतंय की झोपलंय, देवाला ठाऊक. आणि आजी, तुमच्या नातवानं वही दिली की पुठ्ठ्यासकट खाल्ली! नकोत मला. जा मोराकडे!"

मग कोल्हीणबाई हळूच बगळेकाकांच्या कानाशी लागली. "अहो, इथं सगळ्यांना घेत नाहीत वाटतं."

"आमच्या पोराला नको म्हणाली!" बगळेकाका थरथरत होते. "आमच्या! म्हणजे शाळा साधी नव्हे."

"मी म्हणत नव्हते," रानडुकराची आजी म्हणाली, "पोह्यांना चव होती म्हणून?"

झालं! माकडांनी बातमी या झाडावरून त्या झाडावर नेली. घटकेभरात शाळेपुढं रांग लागली, थेट ओढ्यापर्यंत. मोराकडची पोरं गळपट्टे काढून धावत आली. बगळेकाका तर एका पायावर तयार होते.

"बाई, तेवढं आमच्या पोराचं बघा हो. दगड मारतो, पण नेम चांगला आहे त्याचा!" कोल्हीणबाई गयावया करत म्हणाली.

टिटवीबाईचे डोळे भरून आले. एकशे तीन पोरं! तिनं वही उघडली, दौतीत पीस बुडवलं, तेवढ्यात हत्तीसाहेब डुलत आले.

"किती झाली, बाई?"

"एकशे तीन, साहेब! सगळ्यांना घेते. एकालाही परत पाठवत नाही."

रांगेत कुजबुज सुरू झाली. सगळ्यांना? म्हणजे कुणीही येणार? त्या सरड्याचं पोरही? मग आपल्याच पोराचं काय एवढं विशेष? रांग शेपटाकडून विरायला लागली. ऐंशी. पन्नास. वीस. सूर्य टेकडीला टेकला. नऊ!

"नाही, नाही!" टिटवीबाई किंचाळली. "चुकून बोलले! कुणालाच घेत नाही! एकालाही नाही!"

रांग पुन्हा ओढ्यापर्यंत गेली.

हत्तीसाहेबांनी सोंड कपाळाला लावली. "एकशे तीन आले, आणि एकही घेतला नाही? मोर तर दहातल्या नऊंना घेतो. बाई, जंगलात पहिल्या नंबरची शाळा ही! हिला कुलूप लावायची माझी काय छाती?" मग इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "आमच्या धाकट्याला तेवढं नाही म्हणून ठेवा. घरात बोलायला बरं."

अशी शाळा वाचली. नववी-दहावीची उरलेली पोरंही बाहेर काढली, कारण रिकामी खोली जास्त भारदस्त दिसते असं साहेबांचं मत पडलं. फाटक बसलं. फाटकावर अस्वल बसलं.

पण शिकवल्यावाचून टिटवीबाईचा जीव राहीना. आईबापांचाही राहीना. ते विचारायचे, "पुढच्या वर्षी तरी घ्याल का?"

"तयारी कमी पडते," एक दिवस टिटवीबाईच्या तोंडून निघून गेलं. "रोज सकाळी कुंपणाबाहेर चिंचेखाली पाठवा. करून घेईन."

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली एकशे तीन पोरं. तीच बाई, तेच पाढे, तेच वाघाचे ठसे. पोरं शिकली, शहाणी झाली. दर वर्षी परीक्षा व्हायची, सगळी पास व्हायची आणि सगळ्यांना शाळा नाही म्हणायची. आईबाप पेढे वाटायचे. कोल्हीणबाई तर ओढ्यावर सांगत सुटायची, "आमच्याला तीनदा नाही म्हटलं! तुमच्याला किती वेळा?"

एकदा सरड्याच्या पोरानं विचारलं, "बाई, चार खोल्या रिकाम्या पडल्यात. मग आपण उन्हात का बसायचं?"

टिटवीबाईनं चटकन त्याच्या तोंडावर पंख ठेवला.

"हळू बोल, बाळा. आईबापांना कळलं, की उद्या तुला शाळेतून काढून घेतील."

तात्पर्य: शाळा निवडताना आत काय शिकवतात हे विचारण्यात वेळ घालवू नये. दार बंद आहे ना, एवढंच बघावं. उघडं दिसलं, तर पोराचा हात धरून तडक माघारी फिरावं.