महाघोरासुर रोज आंघोळ करतो

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेत माणसाने स्वतः उभे राहण्याची पद्धत नव्हती. माणसाला कामधंदा असतो, म्हणून त्याच्या वतीने हंडा उभा राहत असे. हंडा चोरीला जातो असे लक्षात आल्यावर हंड्याच्या वतीने फुटका डबा उभा राहू लागला, आणि डबाही भंगारवाला नेतो म्हटल्यावर डब्याच्या वतीने वीट. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते, जायकवाडीत मृतसाठा उरला होता, आणि आमची रांग ही संपूर्णपणे विटांची रांग होती.

विटेचा एकच दोष, ती बोलत नाही. "ही वीट माझी" असे दोघे म्हणाले तर ती कुणाचीच बाजू घेत नाही. शिवाय गल्लीच्या तोंडाशी नवे अपार्टमेंट उठत असल्याने विटांचा तुटवडा नव्हता. एका सकाळी रांग गल्लीबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली. तिच्यात एकही माणूस नव्हता. बांधकामावरचा मुकादम तिला आपलीच भिंत समजून सिमेंट घेऊन आला, आणि गल्लीत मारामारी झाली.

म्हणून पाणीवाटप समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी विश्वजित आले. ते पुढच्या निवडणुकीत नगरसेवक होणार होते, असे ते स्वतः सांगत. समितीने शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. पण आमच्याच गल्लीत हिमांशूचे झेरॉक्सचे दुकान आहे. दुपारपर्यंत घरांपेक्षा चिठ्ठ्या जास्त झाल्या, आणि हिमांशूने रंगीत शिक्क्याचे वेगळे दर लावले.

समितीची तातडीची बैठक भरली. जिची नक्कल होऊच शकत नाही अशी एखादी वस्तू गल्लीत आहे काय, असा प्रश्न विश्वजितनी गंभीरपणे विचारला.

"आमच्या घरी आहे," कालिंदी म्हणाली. "पलंगाखाली. ट्रंकभर. न्याल तर उपकार होतील."

ट्रंक तिच्या नवऱ्याची, मधुसूदनची होती. मधुसूदन विम्याच्या कचेरीत काम करी आणि राक्षसांचे पत्ते जमवी. आम्ही शाळेत असताना दैत्यछाप चिंगमच्या पाकिटात एक पत्ता निघायचा. पुढे चकचकीत सोनेरी कागदावर राक्षसाचे चित्र, मागे त्याचा तपशील: ताकद, भूक, क्रौर्य, दुर्गंधी, आणि प्रत्येकासमोर शंभरपैकी गुण. खेळ सोपा. दोघांनी एकेक पत्ता काढायचा, एकाने गुण पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. ती कंपनी कधीच बुडाली. तो सोनेरी कागद आता कुठे मिळत नाही, आणि हिमांशूच्या मशीनमधून तो राक्षस काळाकुट्ट होऊन बाहेर पडतो, हे समितीने खात्री करून घेतले.

आम्ही मोठे झालो. आम्ही हप्ते, सासुरवाडी आणि मणक्याचे दुखणे असल्या गोष्टी जमवल्या. मधुसूदनने राक्षस जमवले. त्याच्या घरी गेले की चहाबरोबर तो हळूच विचारी, "एक डाव टाकायचा?" आणि आम्ही घड्याळ बघत असू. एवढे राक्षस असून त्याच्याशी खेळायला एक माणूस नव्हता. मला त्याचे फार वाईट वाटे. अर्थात खेळण्याइतके नाही.

"पत्ते देतो," मधुसूदन बैठकीत उभा राहून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण एक अट आहे. नंबर खेळूनच लावायचा. जो जिंकेल तो आधी पाणी भरेल. नुसते पत्ते दाखवून रांग लावायची नाही."

"मंजूर," विश्वजित म्हणाले. "समिती राक्षसांचं स्वागत करते."

पुढचा महिना आमच्या गल्लीच्या इतिहासात सोन्याचा होता. टँकरचा हॉर्न वाजला की घराघरांतून माणसे हंडे नि राक्षस घेऊन धावत. "भूक नव्वद!" "माझी पंच्याण्णव, बाजूला व्हा!" अशा आरोळ्या उठत. निवृत्त मुख्याध्यापिका सत्यभामाबाई 'नरडेफोड्या' घेऊन आल्या की भलेभले रांग सोडत. ज्यांनी एकमेकांची डोकी विटेवरून फोडली होती, ते "तुमचं क्रौर्य किती हो?" असे आदराने विचारू लागले. हरणाऱ्याला मधुसूदन ट्रंकेतून दुसरा राक्षस देई आणि स्वतः प्रत्येकाशी खेळे. पाणी भरायचे तो बऱ्याचदा विसरून जाई. इतका आनंदी माणूस मी दुष्काळात दुसरा पाहिला नाही.

टँकरचा चालक कारभारी हा पिशोर गावचा. तो बोनेटवर बसून बघत राही. "लई भारी खेळ हाय ओ," तो म्हणे. "दुसऱ्या गल्लीत लोकं मलाच मारत्यात."

ही शांतता फार दिवस लपून राहणे शक्य नव्हते. पाणी खात्याचे एक साहेब पाहणीस आले. टँकरभोवती भांडण नाही हे पाहून त्यांना प्रथम टँकर रिकामा असल्याचा संशय आला. तो भरलेला आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि अहवाल पाठवला. 'राक्षसाधारित जलवितरण' ही योजना लवकरच सगळ्या शहराला लागू झाली. ज्याच्या घरी राक्षस त्यालाच पाणी. राक्षस रेशनकार्डाला जोडणे सक्तीचे झाले. राक्षसाचा रहिवासी दाखला मागण्यात आला. कोपरा दुमडलेला राक्षस हा पूर्ण राक्षस समजावा किंवा कसे, याबाबत वरून मार्गदर्शन मागवण्यात आले आणि ते येईपर्यंत कोपरा दुमडलेल्या घरांचे पाणी बंद राहिले.

शहर राक्षस शोधायला बाहेर पडले. गावाकडच्या पेट्या उघडल्या, माळे झाडले गेले, दूर गेलेले शाळूसोबती फोन करून "काय रे, कसा आहेस? तुझ्याकडे तो चिखल्या होता का रे?" असे मायेने विचारू लागले. लग्नाच्या बोलण्यांत मुलाचा पगार नंतर निघे, आधी "तुमच्याकडे राक्षस किती?" असे विचारत. "दोन. एक धाकट्याच्या नावावर आहे," असे वरपिता हात जोडून सांगे. शहरालगतच्या सातारा परिसरात नव्या स्कीमचे फलक लागले: 'प्रशस्त टू बीएचके, कव्हर्ड पार्किंग, प्रत्येक फ्लॅटसोबत एक अस्सल राक्षस.' पाण्याचे काय, असे कुणी विचारले तर बिल्डर दुखावला जाई. राक्षस दिल्यावर आणखी काय द्यायचे, असे त्याचे म्हणणे होते, आणि लोकांना ते पटे.

इथपर्यंत सगळे ठीक होते. मग मधुसूदनची ट्रंक संपली.

आता हरले तर दुसरा राक्षस मिळणार नव्हता. एवढी मोलाची वस्तू टँकरपाशी ओल्या हातांनी काढायची, आणि वर ती पणाला लावायची? लोक विचारात पडले. सत्यभामाबाईंनी नरडेफोड्याला लॅमिनेशन करून देवघरात ठेवले. हिमांशूने काचेच्या फ्रेमा विकायला सुरुवात केली. माझ्याकडे डबलदात्या होता. तो कुठे आहे ते मी सांगणार नाही, पण त्या बँकेत लॉकर मिळणे फार अवघड असते.

टँकर येऊ लागला आणि भरलेलाच गल्लीबाहेर जाऊ लागला. कारभारी हॉर्न वाजवून दमे.

"घ्या ओ पाणी! कुणी तर या!"

"आणतोय, आणतोय," आम्ही गॅलरीतून म्हणत असू, आणि जागचे हलत नसू. शेजाऱ्याने आधी राक्षस काढावा म्हणून शेजारी वाट बघे.

"तसंच द्या की दोन हंडे," कालिंदी एकदा म्हणाली.

"नाय बाई. पत्त्याबिगर थेंब सोडला तर माझं काम जातं. वरून हुकूम हाय."

न वाटलेले पाणी खात्याकडे परत नेता येत नसल्याने ते गल्लीच्या तोंडाशी नव्या अपार्टमेंटच्या बांधकामाला जाई. तिथे राक्षसांसाठी क्लब हाऊस बांधले जात होते.

मधुसूदनकडे आता एकच पत्ता होता: महाघोरासुर. ताकद शंभर, भूक शंभर, क्रौर्य शंभर. अख्ख्या शहरात तो एकच असावा. त्यामुळे मधुसूदनला 'मानद राक्षसतज्ज्ञ' नेमण्यात आले. लोक त्याच्याकडे पत्ते तपासून घ्यायला येत, हातमोजे घालून. तो आशेने विचारी, "एक डाव टाकायचा?" लोक पत्ता छातीशी धरून दोन पावले मागे सरकत. पूर्वी ते निदान घड्याळ तरी बघत.

घरातला शेवटचा पिंप खडखडला, तेव्हा कालिंदी दारात उभी राहिली.

"अहो, तो राक्षस काढा आणि पाणी आणा. नाहीतर मी चालले माहेरी, गंगापूरला. तिथं निदान उसाला तरी पाणी देतात."

"हरलो तर हा जाईल, कालिंदी."

"आणि नाही खेळलात तर मी."

मधुसूदनने थोडा विचार केला. तो थोडा वेळ कालिंदीच्या मनाला आजही लागून आहे. मग त्याने महाघोरासुर उचलला, काचेच्या फ्रेममधून बाहेर काढला आणि उघड्या बोटांनी खिशात घातला. कालिंदीने पिंप उचलला. दोघे रस्त्यावर आले.

सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. कारभारीने पत्ता पाहिला, त्याचे डोळे विस्फारले, आणि त्याने नळ सोडून पाइप कालिंदीच्या पिंपात टाकला.

"थांबा!" विश्वजित चप्पल न घालताच खाली धावले. "नुसता पत्ता दाखवून पाणी नाही. नियमात स्पष्ट आहे, खेळून नंबर लागला पाहिजे."

"अहो, रांगेत दुसरं कुणीच नाही," कालिंदी ओरडली.

"म्हणजे नंबर लागलेलाच नाही. मधुसूदनराव, ही तुमचीच अट आहे."

मधुसूदनने मान हलवली. अट त्याचीच होती. त्याने वर गॅलऱ्यांकडे पाहिले. "कुणी आहे का? एक डाव?"

गॅलऱ्यांतले सगळे डोळे दुसरीकडे वळले. मीही कुंडीतल्या वाळलेल्या तुळशीकडे बारकाईने बघू लागलो.

"मी हाय की," कारभारी म्हणाला. त्याने पाइप पिंपातून काढून तसाच रस्त्यावर ठेवला, हात पँटीला पुसले आणि शर्टाच्या खिशातून एक मळका, कोपरे झिजलेला पत्ता काढला. "गावाकडं सापडला. धाकटी चुलतबहीण सत्या पुस्तकात खूण म्हणून घालायची."

तो चिखल्या होता. राक्षसांतला सगळ्यात गरीब. ताकद सात, भूक बारा, क्रौर्य तीन. गल्लीभर हसू पसरले. लोक एकेक करून खाली उतरू लागले, आणि बघता बघता टँकरच्या मडगार्डभोवती कडे झाले.

"पाहुण्यानं पुकारायचं," मधुसूदन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असे काही हसू होते की कालिंदी पिंप विसरून त्याच्याकडेच बघत राहिली. लग्नानंतर तिने ते इतके जवळून पाहिले नसावे.

कारभारीने पत्ता उलटा केला, ओठ हलवत वाचला.

"दुर्गंधी," तो म्हणाला. "शंभर."

मधुसूदनने महाघोरासुर हळूच उलटा केला. त्याला तो पाठ होता, तरी त्याने वाचला. तपशिलाखाली कंपनीने बारीक अक्षरात एक ओळ छापली होती.

"महाघोरासुर रोज आंघोळ करतो," मधुसूदन म्हणाला. "दुर्गंधी शून्य."

आणि मधुसूदन हसायला लागला. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "जिंकलास गड्या! काय जिंकलास!" असे म्हणत त्याने शहरातला एकमेव महाघोरासुर कारभारीच्या हातात ठेवला.

"हात ओले आहेत त्याचे!" सत्यभामाबाई किंचाळल्या, आणि गल्ली कारभारीवर कोसळली. हिमांशू फ्रेम घेऊन धावला. कुणी प्लॉट देऊ केला, कुणी भावाच्या मुलीचे स्थळ. विश्वजितनी मडगार्डवर चढून जाहीर केले की महाघोरासुर ही गल्लीची सामायिक मालमत्ता असून तो वॉर्डाची हद्द ओलांडू शकत नाही. जिंकणाऱ्याने आधी पाणी भरायचे, पण त्याचा टँकर तर भरलेलाच आहे, मग त्याचा नंबर झाला असे समजावे काय, यावर दोन गट पडले. दोन्ही गटांचे म्हणणे मुद्देसूद होते. मी स्वतः दोन्हींकडून बोललो.

"मला काय करायचं याचं?" कारभारी गर्दीच्या खालून ओरडत होता. "मधुसूदनभाऊ, परत एक डाव! या वेळी तुम्ही पुकारा!"

"लाव!" मधुसूदन डोळे पुसत म्हणाला. "तुझा मला दे, माझा तुझ्याकडं राहू दे."

तेवढ्यात विश्वजितना आपले अनवाणी पाय गार लागत असल्याची जाणीव झाली. त्यांनी खाली पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. पाणी आमच्या घोट्यांवरून, गटाराच्या जाळीतून, शांतपणे निघून गेले होते. पाइपातून दोनदा गुळगुळ आवाज आला आणि तोही थांबला.

समितीने या गंभीर प्रकाराची चौकशी लावली आहे. पाणी वाहत असताना आपले लक्ष कोठे होते, असा एकच प्रश्न प्रत्येकाला विचारण्यात आला. मधुसूदनचे उत्तर "खेळात", कालिंदीचे "यांच्या तोंडाकडं", बाकी सगळ्यांचे "पत्त्याकडे". सगळेच गुंतलेले असल्याने निष्पक्ष साक्षीदार मिळत नव्हता, म्हणून मी तुमचे नाव सुचवले आहे. तुम्ही सुरुवातीपासून हजर होता. कारभारीने चालू पाइप रस्त्यावर ठेवला तो तुमच्यासमोर. नळ बंद केल्याचे मी एका शब्दानेही म्हटलेले नाही. तेव्हा समितीला कृपया कळवा, तुम्ही त्या वेळी काय बघत होता?