सबनीस काकांची थडगी

सबनीस काकांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर थडगी आहेत. म्हणजे प्राचीन रोममधल्या थडग्यांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली जुनी काळी चित्रं. वेस्ट विंडसरमधल्या बाकीच्या मराठी घरांत त्या जागी गणपती असतो. नवा पाहुणा दचकला की काका खूश होऊन म्हणतात, "घाबरू नका, आत कुणी नाही!"

मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मीच पहिली, त्यामुळे कुणी काही शिकवलं की निमूट ऐकते. काकांना असं माणूस हवंच होतं. आयुष्यभर पूल डिझाइन केलेले हे इंजिनिअर चहा ओतता ओतता एखाद्या चित्राकडे मान वळवून विचारतात, "मशाल उलटी का?"

"आयुष्य विझलं म्हणून," मी चाचरत सांगते.

"आणि खसखशीची बोंडं?"

"झोप... ना?"

"करेक्ट! बिस्किट घे."

चुकलं तरी बिस्किट मिळतं, पण आधी "हळू बघ, हळू बघ" ऐकावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात काकू वारल्या. तेव्हापासून टेक्सासचा मुलगा फोनवर मागे लागलाय, घर विका, इकडे या.

"डॅड, त्या थडग्यांत एकटे काय करताय?"

"तुझ्या हॉलमध्ये लावशील?"

"नो वे!"

"मग झालं तर."

संक्रांतीनंतरच्या शनिवारी मी वर आले आणि थबकले. चित्रं काकूंच्या साड्यांनी झाकलेली. घर विकलं, आता आवराआवर चाललीय, असंच वाटलं.

"काका, तुम्ही... चाललात?"

"कुठे? अगं, आज हळदीकुंकू. बायका येणार आणि भिंतीवर थडगी? तुझी काकू दर वर्षी अशीच झाकायची."

बोलावलं मात्र कुणालाच नव्हतं. टेबलावर काकूंचा करंडा आणि विकतचा तिळगूळ होता. काका जरा संकोचले. "मी लावणं बरं दिसत नाही. तुझं तूच लाव." मी फोनमध्ये बघून हळदीकुंकू लावलं.

एकच चित्र उघडं होतं. थडग्यावर कोरलेलं जोडपं, एकमेकांचा उजवा हात धरून उभं.

"हे झाकायचं राहिलं," मी म्हटलं.

"हे तिला चालायचं. फक्त म्हणायची, त्यानं हात सैल धरलाय. मी वाद घालायचो, अगं दगड आहे, झिजलाय."

ते चष्मा काढून चित्राच्या अगदी जवळ गेले.

"हळू बघ," म्हणाले. "सैलच आहे ना?"